आवाजाचं ठाण

माझ्या गच्चीवर एक तार आहे. ती आमच्या पाण्याच्या टाकीपासून निघते, शेजाऱ्यांच्या कडुनिंबाला वेढा घेते आणि परत येऊन जिन्याच्या खिडकीतून आत शिरते. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत या तारेबद्दल बरीच मतं आहेत. काहींना वाटतं ती कपडे वाळत घालायला आहे, आणि आम्ही माजोरी असल्यामुळे तिच्यावर कपडे घालत नाही. एका काकांनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "वीजचोरी तं नाई ना?" मी मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवतो. जळालेल्या मोटरी उघडायच्या, आतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची. तांब्याची तार हाच माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे काकांच्या संशयाला जागा होती, हे मान्य करायला हवं.

खरं तर ती रेडिओची तार आहे. रेडिओ म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर पेटी येते. माझ्याकडे पेटी नाही, पेनड्राइव्हएवढा एक डोंगल आहे. घरच्या सगळ्यांनी एकदा हॉटेलात जेवावं तेवढ्यात येतो. त्याच्या एका टोकाला तार जोडायची, दुसरं टोक लॅपटॉपात खुपसायचं. स्टेशन शोधणं, निवडणं, ऐकवणं ही पेटीतल्या सुट्या भागांची कामं आता लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर करतं. ते कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी फावल्या वेळात लिहून फुकट वाटून टाकलं आहे. मी त्यांना कधी भेटणार नाही. पण संध्याकाळी देवापुढे हात जोडतो तेव्हा त्यांच्या वाट्याचाही एक नमस्कार घालतो.

या सॉफ्टवेअरची गंमत अशी की ते रेडिओ कानाला ऐकवतं तसा डोळ्यांनाही दाखवतं. पडद्यावर निळ्या-काळ्या रंगाचं एक चित्र वरून खाली सारखं सरकत असतं. जिथे स्टेशन असेल तिथे उजळ पट्टा उमटतो, जिथे काही नसेल तिथे नुसती निळी धूळ. बोलणं चालू असलं की पट्टा तुटक दिसतो, गाणं लागलं की त्यात लांब रेघा ओढल्या जातात. आम्ही हौशी लोक या चित्राला वॉटरफॉल म्हणतो. त्याच्या वर एक नाचती रेघही असते. आवाज मोठा असेल तशी ती उंच उडी मारते.

दुकान बंद करून घरी आलो की मी या पट्ट्यांच्या मागे लागतो. कधी दूरच्या देशातलं स्टेशन समुद्राच्या लाटेसारखं वरखाली होत येतं, भाषा कळत नाही, पण निवेदिकेला सर्दी झाली आहे एवढं कळतं. कधी सरकारी परवाना काढून घरूनच रेडिओवर बोलणारे हौशी एकमेकांना आपापल्या गावचं हवामान सांगत असतात. बहुतेक वेळा मात्र नुसती खरखर. कारण आमच्या गल्लीतला प्रत्येक स्वस्त चार्जर, प्रत्येक एलईडी बल्ब माझा वैरी आहे. ते दिसायला गरीब, पण हवेत असा काही कचरा सोडतात की मध्यम लहरींवरचं नागपूरचं भरभक्कम स्टेशनही त्यात घुसमटून जातं. मी चिडतो, खिडकीत उभा राहून चार्जरवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. बायको म्हणते, "तुमाले रेडिओचा नाई, भांडनाचा छंद हाये." आणि ताई, माझी थोरली बहीण, हसून म्हणायची, "दुनिया गाने ऐकते, आमचा बाबू खरखर ऐकते."

ताई आमच्याच आवारात राहते. दार वेगळं, अंगण एक. भाऊजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती इथेच आहे. रस्त्याकडच्या खोलीत तिचं शिलाई मशीन. सिंदी मेघेतल्या निम्म्याअधिक बायकांचे ब्लाउज त्या खोलीतून बाहेर पडले आहेत. मशीनशेजारच्या फळीवर तिचा जुना दोन बँडचा रेडिओ सकाळी सुरू व्हायचा तो जेवणापर्यंत बोलत राहायचा. तिला घड्याळ लागायचं नाही. बातम्या लागल्या की कापणं थांबवायचं, भजन लागलं की भात लावायचा, असा तिचा हिशेब. रेडिओचं वेड मला तिच्याकडूनच लागलं. लहानपणी मी तिच्या मशीनखाली बसून चिंध्यांशी खेळायचो, आणि वरून गाणं आणि मशीनची घरघर एकत्र माझ्या अंगावर पडायची. त्यासाठी मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

तिच्या धंद्यात एक रीत होती, ती तिने कधी मोडली नाही. माप घेताना आकडा मोठ्याने म्हणायचा नाही. टेप लावायची, आकडा ओठांतल्या ओठांत पुटपुटायचा, गिऱ्हाइकालाच काय तो ऐकू जाईल असा, आणि खडूने कापडाच्या कोपऱ्यात लिहून टाकायचा. शिकायला येणाऱ्या पोरींना ती पहिल्या दिवशी सुई देत नसे, ही शिकवण देत असे. "बाईचं माप म्हंजे बाईचं गुपित. सोनार सोनं तोलते तं दारात उभं राहून सांगते काय?" असं तिचं म्हणणं. बायका तिच्याकडे यायच्या त्या शिलाईसाठी तर खऱ्याच, पण त्या पुटपुटण्यासाठीही. ताईचा आवाजच मुळात खालच्या पट्टीतला, मऊ. माझा बरोबर उलटा. दिवसभर मोटरींच्या आवाजात काम करून मला 'चहा दे' म्हणायचं असलं तरी शेजारच्या घरात चहा ठेवला जातो.

मग ताईचे कान जायला लागले. एका दिवसात नाही, उसवत जाणाऱ्या शिवणीसारखे. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची कडी, मग हाक. मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर भले होते, नीट समजावून सांगितलं की नस कमजोर झाली आहे, कानातल्या मशीनने थोडा फरक पडेल, फार नाही. ताईने मशीन लावून पाहिलं. ते तिच्या कानात शिट्ट्या मारायचं आणि माणसांच्या बोलण्याऐवजी पंख्याचा आवाज मोठा करून द्यायचं. तिने ते डबीत ठेवून दिलं. शेवटी शेवटी समोरच्याच्या ओठांवरून ती बरंचसं ओळखायला लागली, आणि आम्हीही तिच्याकडे तोंड करून बोलायला शिकलो. एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणीच तिला सांगितली नाही. कान जात होते तसतसा तिचा आवाज वाढत चालला होता. स्वतःचं बोलणं ऐकू आलं नाही की माणूस नकळत जोर लावतो. अंगणात उभं राहून ती बायकोला कोथिंबीर मागायची ती गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. आम्ही हसायचो, पण तोंडावर सांगायला जीभ रेटत नव्हती.

आणि एके दिवशी जे व्हायचं ते झालं. एक शिक्षिका तिच्याकडे वर्षानुवर्षं येत असत. गंभीर बाई, गल्लीतली पोरंटोरं त्यांना बघून सायकलवरून उतरायची. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्यासाठी स्वतःचे ब्लाउज शिवायला टाकायचे होते. दार उघडं, बाहेर भाजीची गाडी उभी, गाडीभोवती अर्धी गल्ली. ताईने टेप लावली, नेहमीप्रमाणे पुटपुटली. म्हणजे तिच्या मते पुटपुटली. भाजीच्या गाडीपाशी ऐकू आलं ते असं: "अवो म्याडम, कंबर मागल्या खेपेपेक्षा चार बोटं वाढली तुमची!"

भाजीवाल्याच्या हातातला तराजू म्हणे तसाच राहिला. पानठेल्यावरची पोरं फिसकन हसली. त्या बाईंचा चेहरा असा झाला की ताईला कान नसतानाही कळलं. त्या भांडल्या नाहीत. कापड पिशवीत घातलं, ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेल्या. ताईने माझ्या बायकोला खोलीत ओढून नेलं आणि विचारलं, "मी जोरानं बोलली काय?" बायकोने मान खाली घातली. "किती जोरानं?" बायको रडायला लागली. ताईला उत्तर मिळालं.

त्या दिवसापासून ताईने बोलणं सोडलं. रुसवा नाही, राग नाही. तोंडाला कुलूप लावलं आणि किल्ली कुठे ठेवली ते आम्हालाही सांगितलं नाही. काही हवं असेल तर हाताने दाखवायची, किंवा मशीनच्या लाकडावर खडूने लिहायची: 'दूध', 'काज-बटन', 'लवकर'. गिऱ्हाईक आलं की टेप त्यांच्याच हातात द्यायची, आकडा त्यांनीच बघायचा. सुरुवातीला बायका आल्या, मग कमी झाल्या. मुक्या खोलीत कुणाला करमणार! शिकायला येणाऱ्या पोरीही यायच्या थांबल्या. मला सगळ्यात जास्त भीती एकाच गोष्टीची वाटायची. आधी ताईचे कान गेले, आता जीभ चालली, आणि मग एक दिवस ती आमच्या अंगणात असून नसल्यासारखी होईल. भीती वाटली की मी चिडतो, हा माझा स्वभाव. मी तिच्या कानाशी जाऊन ओरडायचो, "बोल ना ताई! घरातल्यासंग तं बोल!" ती माझ्या तोंडाकडे शांतपणे बघायची आणि सुईत दोरा ओवायची.

त्या दिवसांत एका दुपारी मी दुकानातून लवकर आलो, तर तिच्या खोलीतून खरखर येत होती. चांगली मोठी, थेट गल्लीपर्यंत. फळीवरच्या रेडिओचा काटा स्टेशनवरून सरकला होता, धूळ पुसताना हात लागला असेल, आणि आवाजाचं बटन पूर्ण पिळलेलं. ताई मशीनवर बसली होती. एक हात कापडावर आणि मध्येच दुसरा हात रेडिओवर ठेवत होती, थरथर लागते का ते बघायला. थरथर लागत होती. तिच्या समजुतीने रेडिओ चालू होता, गाणी म्हणत होता. मी बायकोकडे गेलो. ती म्हणाली, "मले माहीत हाये. सगळ्या गल्लीले माहीत हाये. कोनी काई म्हनत नाई." ज्या गल्लीला मी रोज शिव्या घालत होतो, ती गल्ली दिवसेंदिवस ही खरखर निमूट सोसत होती. पानठेल्यावरची ती फिसफिसणारी पोरंसुद्धा. त्या दिवसापासून चार्जरवाल्यांना शिव्या देताना मी मधूनच थांबतो.

तिला सांगावं कसं ते सुचेना. शेवटी मी वरून लॅपटॉप आणि डोंगल आणला, खिडकीतून तारेचं एक टोक तिच्या खोलीत ओढलं आणि सगळं तिच्या मशीनवर मांडलं. पडद्यावर निळी धूळ सरकायला लागली. मी त्या धुळीवर बोट ठेवलं आणि रेडिओकडे बोट केलं. मग माउस सरकवून चित्र नागपूरच्या स्टेशनवर नेलं. चार्जरांच्या कचऱ्यातूनही मधोमध एक जाड पट्टा उभा होता. मी त्याच्यावर बोट ठेवलं, मग बोलल्यासारखे ओठ हलवून त्यांच्याकडे बोट केलं. ताई हुशार बाई. तिने रेडिओकडे पाहिलं, पडद्यावरच्या धुळीकडे पाहिलं, आणि तिला समजलं. खडू उचलून तिने लाकडावर लिहिलं: 'कधीपासून?' मी खांदे उडवले. मला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. तिने रेडिओ बंद केला आणि त्याच्यावर एक ब्लाउजपीस टाकला.

मला वाटलं, झालं, होतं तेही घालवलं. पण ती लॅपटॉपसमोरून उठली नाही. बराच वेळ ती सरकत्या पट्ट्याकडे पाहत होती. मग अचानक माझा दंड धरून तिने पडद्याकडे दाखवलं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एका अंतरावर ठिपके पडत होते, एकामागून एक, आणि शेवटचा थोडा लांब. बातम्यांआधी वेळ सांगणारी ती पिप-पिप. ताईने मशीनवरचं कापड आणि कात्री उचलून बाजूला ठेवली, पूर्वी रोज ठेवायची तशी. बातम्या लागल्या होत्या ना.

मी जिन्यात जाऊन रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

त्यानंतर लॅपटॉप माझा राहिला नाही. ताईने त्या चित्राला नाव दिलं 'ठाण'. खडूने लिहून दाखवलं. कापडाच्या दुकानात ठाण उलगडतात तसं वरून खाली उलगडतं म्हणून. थोड्याच दिवसांत ती ते कापडासारखं वाचायला लागली. तुटक बुट्टे म्हणजे बातम्या, लांब काठ म्हणजे गाणं, मध्येच कोरा पट्टा म्हणजे निवेदक पान उलटतोय. मी दूरची स्टेशनं लावून दिली की ती लाकडावर खडूने त्यांच्याही खुणा करून ठेवायची. तिच्या डोळ्यांत पुन्हा कुणीतरी राहायला आल्यासारखं वाटायचं. पण तोंडाचं कुलूप तसंच होतं. मी ओठ हलवून विचारायचो, "गाणं कसं हाये?" ती मान डोलवायची. बस.

आमच्या गल्लीत ठाण मळकं दिसायचं, चार्जरांमुळे. एकदा तिला स्वच्छ ठाण दाखवावं असं माझ्या मनात आलं. हिंगणीला, बोर धरणाच्या अलीकडे, माझ्या एका गिऱ्हाइकाचं शेत आहे. त्याची पाण्याची मोटर मीच भरून देतो, म्हणून शेतात कधीही जायची मुभा. घरं लांब, जंगल जवळ, विजेचा कचरा नाही. मी कधीमधी रविवारी तिथे तार बांधून बसतो. त्या रविवारी ताईला स्कूटरवर मागे बसवलं, बायकोने डबा दिला आणि आम्ही निघालो. थंडीचे दिवस होते, तूर शेंगांनी वाकली होती. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, पळसाला तार बांधली, चादर अंथरली, लॅपटॉप उघडला. ताईने पडदा पाहिला आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. काळंभोर कोरं कापड, आणि त्याच्यावर सुताइतक्या बारीक उजळ रेघा, कितीतरी. गावात असताना त्या सगळ्या खरखरीखाली दबलेल्या असत.

आम्ही डबा उघडला तेवढ्यात वानरांची टोळी आली. त्यातल्या एका मोठ्या हुप्प्याने पळसावर चढून माझी तार ओढली आणि तिला लोंबकळत खाली उडी घेतली. तार तुटली. पडदा कोरा झाला. मी उठून वानराला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. मग तशाच तिरीमिरीत खाली बसून लॅपटॉपवर इकडेतिकडे क्लिक करत सुटलो, काहीतरी सुरू होतंय का बघायला. त्या गडबडीत सॉफ्टवेअरला डोंगलऐवजी लॅपटॉपचाच माइक जोडला गेला. मला ते कळलं नाही. मी वानराकडे तोंड करून बोलतच होतो.

ताईने माझा हात घट्ट धरला. ती पडद्याकडे पाहत होती. मी बोललो की तिथे पांढरा भडका उठत होता, मी थांबलो की विझत होता. वरची नाचती रेघ पडद्याच्या कडेला जाऊन आदळत होती. तिने माझ्या तोंडाकडे बोट केलं, मग पडद्याकडे. मी गप्प झालो. पडदा काळा. मी "हो" म्हटलं. एक पट्टा. ताई पुढे सरकली, लॅपटॉपच्या अगदी जवळ तोंड नेलं, आणि कितीतरी महिन्यांनी तिचं तोंड उघडलं.

"बाबू!"

पळसावरची वानरं दचकून पळाली. तुरीतून दोन पाखरं निघाली. पडद्यावर वरपासून खालपर्यंत पांढरा पट्टा पडला, आणि नाचती रेघ माझ्या शिव्यांपेक्षाही वर गेली. ताई त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत राहिली. तो हळूहळू सरकत खाली गेला. त्या दिवशी भाजीच्या गाडीपाशी काय ऐकू गेलं असेल, ते तिला आता दिसलं होतं. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता ही पुन्हा कधीच बोलणार नाही, आणि मी स्वतःला, त्या वानराला आणि डोंगलला मनातल्या मनात लाखोली वाहिली.

तिने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा तोंड पुढे नेलं. "बाबू." थोडा बारीक पट्टा. पुन्हा. "बाबू." आणखी बारीक. प्रत्येक वेळी ती पडद्याकडे बघायची, मान हलवायची, आणि पुन्हा म्हणायची. एक हात तिने गळ्यावर ठेवला होता. ब्लाउजचं कापड जास्त वाटलं की थोडं थोडं छाटत बेताचं करतात, तशी ती आपल्या आवाजाची जास्तीची बाजू छाटत होती. शेवटी एक पट्टा असा आला की पडद्यावर जेमतेम उमटला, सुतासारखा. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "हा माहा आवाज हाये?" आणि मी हो म्हणालो. वानरं परत येऊन आमच्या डब्यातल्या पोळ्या घेऊन गेली. आम्ही त्यांना काही म्हटलं नाही. त्या हुप्प्याचे उपकार मोठे होते.

घरी आल्यावर तिने माझ्या बायकोला लॅपटॉपसमोर बसवलं आणि रोजच्यासारखं बोलायला लावलं. बायको लाजत लाजत भाजीचे भाव सांगत बसली. नाचती रेघ जिथपर्यंत चढली, तिथे ताईने शिवणाच्या खडूने पडद्याच्या कडेला खूण केली. मग मला बसवलं. मी शक्य तितक्या सौम्यपणे बोललो. ताईने खुणेपासून माझ्या रेघेपर्यंत वीतभर अंतर मोजून दाखवलं आणि म्हणाली, "तुहा आवाज तं थानाच्या बाहेर चालला." बायको इतकी हसली की तिची रेघही खुणेच्या वर गेली. लॅपटॉपवर खडूचे डाग पाहून एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. ते डाग अजून आहेत, आणि मी ते पुसू देत नाही.

मग रोज सकाळी, दार लावून, ताईचं काम सुरू झालं. पडद्यासमोर बसायचं आणि बोलायचं. काय बोलायचं? तर मापं. छाती, कंबर, बाही, गळा, कुणा न आलेल्या बायकांची मापं. बायको दाराबाहेर उभी राहून ऐकायची आणि मला सांगायची, आज आवाज खिडकीबाहेर गेला, आज नुसता उंबऱ्यापर्यंत आला. हळूहळू ताईला पडद्याची गरज कमी पडायला लागली. गळ्यावर हात ठेवला की तिला आतूनच कळायला लागलं, किती थरथर म्हणजे किती आवाज. कधी चुकते, कधी दुपारी थकली की आवाज वर जातो, मग ती लगेच जाऊन लॅपटॉपसमोर बसते आणि पुन्हा नेमका करून घेते. गल्लीतल्या बायकांना आम्ही काही सांगितलं नाही. पण भिंतींना कान असतात, आमच्या गल्लीच्या भिंतींना तर जरा जास्तच. एक बाई कापड घेऊन आली, मग दुसरी आली. शिकायला दोन पोरीही परत यायला लागल्या आहेत.

हे सगळं कुणामुळे झालं, असं मी कधीकधी मोजायला बसतो आणि मोजणं सोडून देतो. कुठल्या तरी देशात कुणीतरी रात्रंदिवस बसून ते सरकतं चित्र लिहिलं, रेडिओवाल्या खुळ्यांसाठी. त्याच्या स्वप्नातही सिंदी मेघेतलं शिलाई मशीन आलं नसेल. त्याला मराठी येत नाही, मला त्याची भाषा येत नाही. पण त्याने फुकट वाटलेल्या त्या चित्रात माझ्या बहिणीने आपला हरवलेला आवाज शोधून काढला. एवढं मोठं देणं मी फेडू शकणार नाही. म्हणून मी निदान ते लिहून ठेवतो आहे.

परवाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाने मोटर पाण्यात बुडवून पुन्हा जाळली होती आणि फोनवर मलाच दोष देत होता. मी अंगणात उभा राहून त्याला माझ्या पद्धतीने समजावत होतो. गळ्याच्या शिरा ताठ, हात हवेत. ताईच्या खोलीत तिघीचौघी बायका बसल्या होत्या. ताई टेप गळ्यात तशीच ठेवून दारात आली. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिला सगळं कळलं असावं. तिने बोट ओठांवर ठेवलं, एक पायरी खाली उतरली आणि म्हणाली, अंगणापुरतं, फक्त मला ऐकू येईल असं:

"बाबू, हळू बोल रे. मले ऐकू येत नाई, पन लोकायले येते ना."

फोनमधला माणूस "हॅलो, हॅलो" करत होता. मी फोन खाली घेतला. ती परत आत गेली होती, आणि मी तसाच अंगणात उभा राहिलो, ताई मला रागावली याचा आनंद पोटात मावत नव्हता म्हणून.